कोकणचे वार्धक्य : रत्नागिरी जिल्ह्याच्या वयोरचनेचा ऐतिहासिक विचार

लोकसंख्येच्या वार्धक्याचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम युरोपकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. फ्रान्समध्ये पासष्ट वर्षांवरील लोकांचे प्रमाण शेकडा ७ वरून शेकडा १४ वर जाण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. जपानने तेच अंतर १९७० ते १९९४ ह्या अवघ्या चोवीस वर्षांत कापले. दोन्ही देशांत मूळ कारण एकच, ते म्हणजे जन्मप्रमाणाची घट. आयुर्मर्यादा वाढली म्हणून समाज वृद्ध होतो ही लोकांची समजूत अपुरी आहे; मुले कमी जन्मल्यामुळे वृद्धांचे प्रमाण वाढते, हे लोकसंख्याशास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. परंतु एखाद्या देशाऐवजी एखादा जिल्हा विचारासाठी घेतला, तर ह्या दोन कारणांच्या जोडीस तिसरे कारण येऊन उभे राहते आणि पुष्कळदा तेच सर्वांत प्रबळ ठरते. ते म्हणजे स्थलांतर. जुना रत्नागिरी जिल्हा, म्हणजे १ मे १९८१ रोजी ज्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला तो प्रदेश, ह्याचे ठळक उदाहरण होय.

ह्या प्रदेशातून माणसे बाहेर पडू लागली त्याची कारणे सुपरिचित आहेत. डोंगरउताराची वरकस जमीन, नाचणी-वरीचे तुटपुंजे पीक, भातखाचरांचा अपुरा विस्तार आणि ह्या सर्वांवर खोती पद्धतीचा भार. १८५० नंतरच्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि समुद्रमार्गाने जवळ असलेल्या ह्या जिल्ह्याने त्यांना मजूर पुरविले. १९११ व १९२१ च्या जनगणनांत मुंबई शहरात राहणाऱ्या, पण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या लोकांची संख्या दोन लाखांवर होती; शहरातील दर पाच माणसांत सुमारे एक रत्नागिरीचा, असे हे प्रमाण पडते. जाणारा बहुधा तरुण पुरुष असे. पत्नी, मुले आणि आईवडील गावीच राहत. त्यामुळे गावाच्या वयोरचनेतून नेमका मधला, कमावता भाग कापला गेला आणि दोन्ही टोके शिल्लक राहिली.

मात्र म्हातारपणाचा आणि बाहेरच्या नोकरीचा संबंध ह्या जिल्ह्याला गिरण्यांच्याही आधीपासून ठाऊक होता. दापोली ही इंग्रजांची लष्करी छावणी होती आणि निवृत्त शिपाई तिच्या आसपास वस्ती करून राहत. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले. गोपाळबाबा वलंगकर हेही सेनेतून निवृत्त होऊन दापोलीस स्थायिक झाले होते. १८९० नंतरच्या वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. ह्या प्रश्नाकडे सामान्यतः प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, आणि तो तसा होताही. पण भरतीबरोबर निवृत्तिवेतनही गेले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्याला जमीन नाही आणि खोताच्या मर्जीवाचून ज्याचे पान हलत नाही, अशा माणसाला उतारवयात दरमहा मिळणारी रोख रक्कम हा स्वातंत्र्याचा एकमेव आधार होता. गिरणीने नोकरी दिली. हा आधार मात्र दिला नाही.

गिरणीकामगाराच्या वार्धक्याचा भार कोणी वाहिला, हा ह्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. कामगार ऐन उमेदीत येई, गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राही, खाणावळीत जेवी, गणपतीला, शिमग्याला आणि जमल्यास लावणीला गावी जाई. शरीर थकले किंवा छातीचा विकार जडला की कायमचा परत जाई. त्याचे बालपण गावाने पोसले होते, म्हातारपणही गावच पोसणार होते. मधली पंचवीस-तीस वर्षे तेवढी मालकाची. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने कामगाराचा गावाशी असलेला संबंध तुटू न देता तो टिकवावा, असे मत दिले. आजारपण, बेकारी आणि वृद्धत्व ह्यांत गाव हेच कामगाराचे आश्रयस्थान, ही त्यामागील विचारसरणी. निरीक्षण म्हणून हे खरे होते. धोरण म्हणून पाहता त्याचा अर्थ असा होतो, की भारतातील एका मोठ्या उद्योगाचा निवृत्तिनिधी कोकणातल्या भातखाचरांत ठेवलेला होता आणि त्याची राखण, कोणतेही वेतन न घेता, चाकरमान्यांच्या बायका करीत होत्या.

स्वातंत्र्यानंतर चित्र काही अंशी पालटले. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. १९५२ च्या भविष्यनिर्वाहनिधी कायद्याने ज्या सहा उद्योगांपासून आरंभ केला, त्यांत कापडउद्योग होता. १९७२ साली उपदानाचा कायदा झाला. परंतु ह्या दोन्ही रकमा एकदाच हाती येत. घराची कौले, मुलीचे लग्न, जुने कर्ज ह्यांत त्या संपत. कामगारास स्वतःच्या हयातीत दरमहा निवृत्तिवेतन देणारी व्यापक योजना १९९५ साली आली आणि तोपर्यंत गिरणगाव जवळजवळ संपले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. ज्यांची नोकरी गेली त्यांतले अनेकजण पन्नाशीच्या आतच ‘निवृत्त’ होऊन गावी परतले. बदली कामगारांची स्थिती तर अधिकच बिकट होती. आजवर गावाकडे मनीऑर्डर येत असे. आता मनीऑर्डर पाठविणाराच दारात येऊन बसला.

पुढील दशकांतील फेरबदल जनगणनेच्या आकड्यांत स्पष्ट दिसतात. मात्र ते आकडे वरवर पाहणाऱ्यास फसवितात. विभाजनानंतरच्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १९९१ साली १२०५ स्त्रिया होत्या, २००१ साली ११३६ आणि २०११ साली ११२२. हे प्रमाण हळूहळू समतोलाकडे येत आहे, असे कोणासही वाटेल. एकूण लोकसंख्येशी हे आकडे ताडून पाहिले, की दोन दशकांचा अर्थ परस्परविरुद्ध निघतो. १९९१ ते २००१ ह्या काळात जिल्ह्याची लोकसंख्या १५,४४,०५७ वरून १६,९६,७७७ झाली आणि ह्या वाढीत पुरुष सुमारे ९४ हजार, तर स्त्रिया सुमारे ५९ हजार होत्या. गिरण्या बंद पडल्याने परतलेले कामगार आणि दाभोळसारख्या प्रकल्पांवर आलेले मजूर ह्यांचा हा परिणाम असावा. २००१ ते २०११ मध्ये मात्र लोकसंख्या १६,१५,०६९ इतकी खाली आली. पुरुष सुमारे ३३ हजारांनी घटले. स्त्रिया सुमारे ४८ हजारांनी. म्हणजे पहिल्या दशकात पुरुष आल्यामुळे प्रमाण उतरले, तर दुसऱ्या दशकात स्त्रिया गेल्यामुळे. सिंधुदुर्गातही त्याच दशकात लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. महाराष्ट्रात ह्या दोहोंखेरीज केवळ मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली, हा योगायोग लक्षणीय आहे. गिरणी आणि तिला माणसे पुरविणारा गाव, दोन्ही एकाच वेळी रिते होत होते.

स्त्रिया गेल्या ही गोष्ट वार्धक्याच्या दृष्टीने पुरुष जाण्यापेक्षा अधिक गंभीर मानली पाहिजे. शंभर वर्षे पुरुष बाहेर असताना गावातील शेती, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळली ती सुनांनी. नालासोपारा, विरार, डोंबिवली ह्या बाजूंना लहानशी का होईना पण स्वतःची जागा घेणे शक्य झाले, मुलांच्या शिक्षणाची ओढ वाढली, आणि चाकरमान्याचे सारे कुटुंबच मुंबईकडे सरकले. तो निर्णय चुकीचा म्हणणे अन्यायाचे होईल. पूर्वीच्या स्त्रियांना तो पर्यायच नव्हता. परंतु जी व्यवस्था सुनेच्या न मोजलेल्या श्रमावर उभी होती, ती तिच्या जाण्याबरोबर मोडली. मागे राहिली ती सासू, आणि तीही बहुधा विधवा.

आर्थिक परिणाम शेतीवर प्रथम दिसले. लावणीस माणूस मिळेना, तशी खाचरे पडीक पडू लागली. १९९० साली राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली. आंबा-काजू हे कमी मनुष्यबळाचे पीक म्हणून ते वयस्क मालकांना सोयीचे होते. तरी राखणीला व मशागतीला माणूस लागतोच, आणि ती जागा आता बहुतांशी नेपाळी मजुरांनी भरून काढली आहे. एके काळी माणसे पाठविणारा प्रदेश माणसे आणवू लागला. जमिनीची विल्हेवाट लावणेही वृद्धाच्या हाती राहत नाही, कारण सामाईक सातबाऱ्यावर मुंबईतील चुलत्या-पुतण्यांची नावे असतात आणि एका सहीवाचून व्यवहार वर्षानुवर्षे अडतो. शाळांची गत निराळी नाही. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा निर्णय झाला, त्यांत कोकणातील शाळा पुष्कळ होत्या.

शासकीय साहाय्याचा मार्ग १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेपासून सुरू होतो. निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिचे मासिक अनुदान हजारावरून दीड हजार करण्यात आले. रक्कम अल्प आहे, आणि उत्पन्नाच्या अटीमुळे ज्याचा मुलगा कागदोपत्री कमावता आहे असा वृद्ध तिच्यातून सहज वगळला जातो. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण कायद्याने मुलावर निर्वाहाची जबाबदारी टाकली आणि तक्रारीसाठी न्यायाधिकरणाची सोय केली. त्या कायद्यापुढे जो मुलगा आहे तो ऐपतदार पण कर्तव्यच्युत असा आहे. बदली कामगाराचा मुलगा, जो विरारच्या एका खोलीत चार माणसांसह राहून कंत्राटी नोकरी करतो आणि ज्याला स्वतःलाच निवृत्तिवेतन मिळणार नाही, तो ह्या वर्णनात बसत नाही. त्याचे वडील गावीच राहतात. आणि वर्षातून दोनदा, गणपतीला व शिमग्याला, घर उघडे दिसते तेव्हा जिल्ह्याची वयोरचना काही दिवसांपुरती शंभर वर्षांपूर्वी होती तशीही नव्हे, तर कोणत्याही जनगणनेने कधी नोंदली नाही अशी पूर्ण भरते.