गणितयंत्राची उष्णता

संगणकाची कथा सांगतांना त्याच्या वेगाचें कौतुक होतें. त्या वेगाबरोबर उत्पन्न होणाऱ्या उष्णतेची वार्ता मात्र सहसा कोणी घेत नाहीं. वास्तविक या यंत्राचा इतिहास हा उष्णतेला वाट करून देण्याचाहि इतिहास आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हा संगणक काम करूं लागला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळी दिव्याप्रमाणें तापे. परंतु ती उष्णता मोठ्या कपाटांत विखुरलेली असे. पुढें नळ्यांची जागा नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यानें घेतली आणि उष्णता एकाच ठिकाणीं कोंडली. इंटेलचा १९७८ सालचा ८०८६ हा प्रोसेसर उघड्या हवेंत निभावून जाई. १९९३ सालच्या पेंटियमला मात्र धातूचा कूलर व पंखा यांची जोड लागली. आज घरगुती यंत्रांतहि कित्येकदां १०० वॅटांहून अधिक उष्णता बाहेर काढावी लागते.

येथेंच एक सूक्ष्म अडचण उभी राहते. प्रोसेसरचें झांकण व कूलरचा तळ हीं डोळ्यांना गुळगुळीत दिसलीं, तरी त्यांवर बारीक खळगे असतातच. त्यांत हवा अडकते. आणि तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारें पंधरा हजार पट आहे. ही हवा हुसकून लावणें, एवढेंच थर्मल पेस्टचें कार्य. हा लेप स्वतः तांब्याहून पुष्कळच कमी वाहक असल्यामुळें तो जाड थापणें म्हणजे उष्णतेच्या वाटेंत नवी भिंत उभारणें होय. जुना लेप स्वच्छ पुसून मध्यभागीं वाटाण्याएवढा ठिपका ठेवावा आणि कूलर चारी बाजूंनीं सारखा कसावा. दाबानें लेप आपणच पसरतो.

ठाण्याच्या नौपाड्यांत वैशाखमासीं खोलीची हवाच ३५ अंशांच्या आसपास जाते, आणि हवेनें निवणारा प्रोसेसर खोलीहून थंड होऊं शकत नाहीं. अशा वेळीं लेप वाळलेला असल्यास यंत्र आपला वेग कमी करतें, क्वचित् बंदहि पडतें. गृहस्थ मात्र यंत्र म्हातारें झालें असें समजून नव्या यंत्राच्या खर्चास सिद्ध होतो.

पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं उभारलेला ‘परम ब्रह्म’ महासंगणक वाहत्या द्रवानें थंड ठेवला जातो. अशा यंत्रांतहि थंड पट्टी व प्रोसेसर यांच्यामध्यें उष्णतावाहक थर लागतोच. साधन थोर असो वा लहान, त्याचें आयुष्य या केसाएवढ्या थरावर अवलंबून असतें.