वळवाचा अंदाज (कळंबा परिसर)

कोल्हापूर शहराच्या दक्षिणेकडील कळंबा (ता. करवीर) येथे मार्च ते मे या काळात उपयोगी पडणारा पूर्वमोसमी हवामान अंदाज. भारतीय हवामान विभाग (स्थापना १८७५) कोल्हापूर जिल्ह्याची गणना ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात करतो. तापलेली जमीन आणि अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा यांमुळे दुपारनंतर उंच गर्जन्मेघ बनतात. मग वीज, वादळी वारा, कधी गारा. हा वळवाचा पाऊस एक शिवार झोडपतो, शेजारचे कोरडे सोडतो. त्यामुळे जिल्ह्याचा अंदाज कळंबा तलावावर खरा ठरेलच असे नाही, आणि त्याचा दोष अंदाजाला देणे अन्यायाचे. हवामान विभागाच्या पिवळा, नारिंगी, लाल या इशाऱ्यांत लाल सर्वांत गंभीर.