वातानुकूलनामुळे होणारे इंजिनाचे अस्थिर आयडलिंग

ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या किमान वेगाने स्वतःहून चालू राहते, त्या अवस्थेस आयडलिंग म्हणतात. गॅरेजच्या बोलीत तिला ‘स्लो’ असे म्हटले जाते. बहुतेक पेट्रोल मोटारगाड्यांत हा वेग मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेरे इतका असतो. वातानुकूलन यंत्रणा (एसी) चालू करताच हा वेग घसरणे, तो वर-खाली होत राहणे, गाडी थरथरणे किंवा इंजिन बंद पडणे ही या दोषाची लक्षणे होत. दोष एसीच्या कॉम्प्रेसरचा आहे असे सहसा गृहीत धरले जाते. परंतु इंजिनातील आधीचाच दोष एसीच्या भारामुळे उघड होत असल्याचे पुष्कळदा आढळते. अशा वेळी कॉम्प्रेसर बदलूनही दोष कायम राहतो.

कार्यतत्त्व

कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि बहुतेक गाड्यांत विद्युतचुंबकीय क्लचद्वारे जोडला जातो. आयडलिंगच्या वेळी इंजिनाची शक्ती अल्प असल्याने हा भार तुलनेने मोठा ठरतो. शिवाय कंडेन्सरचा पंखा व ब्लोअर यांमुळे अल्टरनेटरवरील भारही वाढतो.

इंधन अंतःक्षेपण प्रणालीच्या गाड्यांत एसीचे बटण दाबल्यावर त्याचा संकेत इंजिन नियंत्रण एककाकडे (ईसीयू) जातो. ईसीयू थ्रॉटल किंचित उघडून अथवा आयडल नियंत्रण व्हॉल्व्हमधून जादा हवा सोडून भाराची पूर्वतयारी करते, आवश्यकतेनुसार ठिणगीची वेळ बदलते आणि क्लच जोडते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हेच काम निर्वात दाबावर चालणारा ‘आयडल-अप’ ॲक्च्युएटर करीत असे.

कारणे

इंजिनाशी संबंधित कारणांत थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, अडकलेला आयडल नियंत्रण व्हॉल्व्ह, इनटेक मॅनिफोल्डची हवागळती, झिजलेले स्पार्क प्लग, सदोष इग्निशन कॉइल, इंधनाचा अपुरा दाब आणि एखाद्या सिलिंडरमधील कमी कॉम्प्रेशन यांचा समावेश होतो.

एसीशी संबंधित कारणांत बंद पडलेला कंडेन्सरचा पंखा, धुळीने भरलेला कंडेन्सर, प्रमाणापेक्षा अधिक भरलेला शीतक वायू आणि कॉम्प्रेसरचे घट्ट झालेले बेअरिंग ही प्रमुख आहेत. पहिल्या तीन कारणांनी उच्च दाबाच्या बाजूचा दाब वाढतो व कॉम्प्रेसर फिरविण्यास अधिक शक्ती लागते. याउलट शीतक वायू कमी असल्यास दाबाचा स्विच क्लच वारंवार जोडतो व सोडतो; त्यामुळे वेग ठरावीक अंतराने वर-खाली होतो.

फाटलेले इंजिन माउंटिंग, क्षीण अल्टरनेटर आणि सैल पट्टा ही अन्य कारणे होत.

निदान

तपासणी इंजिन पूर्ण तापल्यावर पुढील क्रमाने करतात :

१. एसी बंद व चालू अशा दोन्ही स्थितींत इंजिनाचे फेरे नोंदवितात. फेरे स्थिर असून केवळ थरथर जाणवत असल्यास प्रथम माउंटिंग तपासतात. एसी चालू होताना क्षणभर होणारी किंचित घट स्वाभाविक असते.

२. एसी बंद ठेवून हेडलाइट, ब्लोअर व मागील काचेचा हीटर एकाच वेळी चालू करतात. या विद्युतभारानेही वेग घसरत असेल, तर इंजिन कोणताच भार पेलू शकत नाही आणि दोष एसीबाहेर शोधावा लागतो. याच वेळी बॅटरीवरील व्होल्टेज पाहतात. चार्जिंग होत असताना ते साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट असते.

३. कॉम्प्रेसरच्या क्लचचा विद्युतजोड काढून एसीचे बटण दाबतात. वेग किंचित वाढल्यास आयडल-अपची यंत्रणा कार्यरत असल्याचे समजते. काहीच बदल न झाल्यास स्कॅनरवर एसीचा संकेत ईसीयूपर्यंत पोहोचतो का, हे पाहतात. क्लचविरहित कॉम्प्रेसर असलेल्या गाड्यांत ही चाचणी लागू होत नाही.

४. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहतात. ट्रिम आयडलिंगला बरेच धन असून सुमारे २,५०० फेऱ्यांवर शून्याजवळ येत असल्यास हवागळतीचा संशय बळावतो. वेगासोबत ते वाढत गेल्यास इंधनपुरवठा तपासतात.

५. उभ्या गाडीत जाणवणारा दोष गाडी धावू लागताच नाहीसा होत असल्यास कंडेन्सरच्या पंख्याकडे लक्ष देतात. कंडेन्सरवर पाणी मारल्याने आयडलिंग सुधारल्यास उच्च दाब हे कारण मानून गेजद्वारे खात्री करतात.

दुरुस्ती

थ्रॉटल बॉडी स्वच्छ केल्यावर अनेक गाड्यांत ईसीयूला आयडलची स्थिती पुन्हा शिकवावी लागते. अन्यथा वेग काही काळ अयोग्य राहतो. थ्रॉटलचा स्टॉप-स्क्रू फिरवून ‘रेस वाढविणे’ हा प्रचलित उपाय मूळ दोष झाकतो आणि इंधनाचा खप वाढवितो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत वायू हवेची काही जागा व्यापतो व इंजिनाची शक्ती घटते. म्हणून दोष केवळ सीएनजीवर दिसतो की पेट्रोलवरही, हे आधी पडताळतात.

सुरक्षितता

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडल्यास पॉवर स्टिअरिंगचे साहाय्य जाऊ शकते आणि काही वेळा पेडल दाबल्यावर ब्रेकचेही साहाय्य संपते. घाटात व दाट वाहतुकीत हे धोकादायक असल्याने दोषाकडे दुर्लक्ष करणे योग्य नसते. बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊ शकते. विजेवरचा पंखा अचानक सुरू होत असल्याने हात व सैल कपडे त्यापासून दूर ठेवावे लागतात. शीतक वायू त्वचेवर आल्यास हिमदंश होतो. आर-१३४ए हा तीव्र हरितगृह वायू असल्याने तो हवेत न सोडता यंत्राद्वारे परत गोळा केला जातो.

हे सुद्धा पहा

कार्ब्युरेटर
इंधन अंतःक्षेपण
वातानुकूलन