आलापल्लीच्या रानातील भृंगराज आणि शेकरू

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते आणि त्यांच्या जंगलाचा इतिहास बहुधा सागाच्या लाकडाच्या हिशेबानेच लिहिला गेला. भृंगराज या पक्ष्याच्या आणि शेकरू या मोठ्या खारीच्या अंगाने पाहिल्यास तो इतिहास वृक्षछत्राचा, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या झाडांच्या शेंड्यांचा ठरतो.

भृंगराज हा कोतवालाच्या कुळातील गायक पक्षी असून त्याच्या शेपटीची दोन पिसे तारेसारखी लांबून टोकाशी पानासारखी पसरतात आणि इतर पक्ष्यांच्या हाका तो हुबेहूब उचलतो. लिनियसने १७६६ मध्ये त्याचे नामकरण करताना त्याला कोकिळांच्या प्रजातीत घातले होते. शेकरू हा कृंतक, म्हणजे जन्मभर वाढत राहणाऱ्या पटाशीच्या दातांनी कुरतडून खाणारा प्राणी होय. भृंगराज इतर पक्ष्यांच्या थव्यांमागे राहून त्यांनी उठवलेले किडे टिपतो, तर शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो, सुमारे सहा मीटरपर्यंत झेप घेत झाडावरून झाडावर जातो आणि काटक्यापानांची अनेक घरटी उंचावर बांधतो. दोघांनाही दाट, उंच रान लागते. परंतु छत्रात पडलेली मोकळी जागा पक्षी पंखांनी ओलांडतो आणि शेकरूची वाट मात्र तेथेच खुंटते.

१८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव जंगले निर्माण झाल्यावर सागाच्या वाढीला अडसर म्हणून वेलतोड, म्हणजे झाडांवर चढलेल्या वेली छाटण्याची पद्धत रूढ झाली. वनशास्त्राच्या दृष्टीने हे साधे संगोपन होते, पण माहुलासारख्या महावेली शेकरूचे पूलच होत्या, ही बाब त्या हिशेबात कोठेच बसत नव्हती. पुढे मिश्र जंगल सरसकट तोडून सागाची रोपवने उभारली गेली आणि १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वन विकास महामंडळाने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. साग उन्हाळ्यात निष्पर्ण होत असल्याने ऐन कडाक्याच्या दिवसांत रोपवनात ना सावली उरते, ना विविध फळे.

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीजवळचा सुमारे सहा हेक्टरांचा नैसर्गिक सागवनाचा तुकडा १९५३ पासून राखून ठेवला गेला आणि २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरला. एवढ्या क्षेत्रात मोजक्याच शेकरूंची सोय होऊ शकते, आणि त्यांची वाढलेली पिल्ले पुढच्या रानात जाऊ शकतील ती भोवतालचे छत्र जोडलेले असेल तरच.