दंडावरचा वण

पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर एक खोलगट वण असतो. देवी काढल्याची ती खूण. या वणाचा इतिहास सांगताना पहिले नाव एडवर्ड जेन्नरचे घेतात, आणि ते रास्तच आहे. परंतु १७९६ साली ज्या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव त्याने घेतला ती सारा नेल्म्स आणि ज्याला तो टोचला तो माळ्याचा आठ वर्षांचा पोर जेम्स फिप्स, ही नावे किती जणांना ठाऊक असतात? प्रयोग करणाऱ्याचे नाव ग्रंथात राहते. ज्याच्या देहावर प्रयोग झाला तो तळटीपेत जातो.

आपल्याकडे तर तळटीपही दुर्मिळ. १८०२ साली लस बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईला आली. बाटलीत भरून पाठवावी तर ती उन्हाने वाटेतच निकामी होई. म्हणून ती जिवंत दंडावरूनच पुढे न्यायची: एकाला टोचायचे, आठवड्याने फोड पिकला की त्यातला द्रव दुसऱ्याला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ज्या तीन वर्षांच्या मुलीला लस लागू झाली तिचे नाव ॲना डस्थॉल. ती एका नोकराची मुलगी. तिच्या दंडातून पाच मुलांना आणि तेथून हिंदुस्थानभर लस गेली.

पुढे हा द्रव देणारी मुले बहुधा गरिबांघरची, 'हलक्या' ठरवलेल्या जातींची असत. आईबापांना चार पैसे मिळत, पोराला यातना. आणि वरच्या जातींतले अनेकजण हाच द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाऊ देईनात! पाणवठ्यावरचा विटाळ सुईच्या टोकापर्यंत आला. देवीच्या रोगाने मात्र कधी कोणाची जात विचारली नाही. अर्थात सगळाच विरोध सोवळ्याचा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. दंडादंडातून उपदंशासारखे रोग पसरण्याची भीती खरी होती. वासरांवर लस तयार होऊ लागल्यावर ही पद्धत मागे पडली.

मे १९७५ मध्ये भारतातला अखेरचा रोगी सापडला. १९८० साली जगातून देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, देहातली त्याची ओळख गेली नाही. २००३ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन येथील संशोधकांनी पूर्वी देवी काढलेल्या माणसांचे रक्त तपासले. प्रतिपिंडे ७५ वर्षांपर्यंत जवळजवळ तशीच टिकलेली. टी-पेशी मात्र हळूहळू ओसरत होत्या, दर ८ ते १५ वर्षांनी निम्म्या. या पेशींचे काम निराळे आहे. विषाणू जिच्यात शिरला ती पेशी हेरून काही टी-पेशी तिला मारतात, काही इतर पेशींना कामाला लावतात. अमेरिकेत १९४९ नंतर देवीचा रोगी नव्हता. म्हणजे शत्रू पुन्हा न दिसताही शरीराने त्याची ओळख जपली होती. तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांत प्रतिपिंडांची वा टी-पेशींची प्रतिकारशक्ती शिल्लक होती.

२०२२ साली देवीच्याच कुळातला मंकीपॉक्स अनेक देशांत पसरला, तेव्हा संशोधकांचे लक्ष या जुन्या वणांकडे पुन्हा गेले. लसीकरण थांबल्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर तो वण नाही.