खर्जाचे वजन

कसाऱ्याहून घाट चढून येणाऱ्या मालगाडीची घरघर इगतपुरीकरांच्या कानांआधी पायांना कळते. हेवी रॉक वाजवणाऱ्याला बास गिटारमध्ये हेच वजन हवे असते. ते कोणत्या वाद्यात शोधावे?

१९५१ साली लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात 'प्रिसिजन' बास काढला, तो उलट हेतूने. अवजड डबल बास वाहण्याचा त्रास वाचावा आणि पडद्यांमुळे सूर नेमका लागावा, एवढेच त्यांना हवे होते. गुरगुर मागाहून आली. ब्लॅक सॅबथने १९७१ मध्ये 'मास्टर ऑफ रिॲलिटी'तील काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. १९७५ साली मोटरहेड काढणारा लेमी रिकनबॅकर बास नखीने छेडी आणि ध्वनिवर्धकावर खर्ज उतरवून मधले सूर चढवी!

मराठी श्रोत्याला यात नवल वाटू नये. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी काढतात, गवई तारेखाली सुताचा धागा सरकवतो. वरचे स्वयंभू स्वर जागे झाले की खर्ज भरदार होतो. बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. तिचेही वजन कानाला पटते ते वरच्या, किंचित फाटलेल्या स्वरांमुळे.

म्हणून वडिलांचा रेल्वेचा बोनस घेऊन दुकानात निघालेल्या तरुणाने लाकडाच्या जातीवर वाद घालू नये, असे आम्हांस वाटते. पिकप, पोलादी तारा आणि ध्वनिवर्धक आधी ऐकावेत. तारा उतरवायच्या तर ३४ इंची मापच घ्यावे. आखूड मापावर त्या सैल पडतात. आणि ड्रमवाल्या मित्राला सोबत न्यावे.