भटकी कुत्री : पालिकेच्या कामावर देखरेख कुणाची?

मुंबईत भटक्या कुत्र्यांचा प्रश्न नवा नाही. जून १८३२ मध्ये कोट भागात याच कारणावरून दंगल उसळली होती. कुत्री मारणाऱ्यांना कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे आणि त्याविरोधात पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. पुढे हे काम महापालिकेकडे आले, तरी मारणे हाच उपाय दीर्घकाळ कायम राहिला. अखेर १९९४ मध्ये पालिकेने तो सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग धरला.

पद्धत बदलली, तसे देखरेखीचे महत्त्वही वाढले. शस्त्रक्रिया झालेला कुत्रा पुन्हा त्याच गल्लीत सोडला जातो. त्यामुळे काम प्रत्यक्षात झाले की केवळ कागदावर, हे तपासण्याची व्यवस्था नसेल तर रहिवाशांचा विश्वास बसत नाही.

नियमांत काय आहे?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये केंद्र सरकारने डिसेंबर २००१ मध्ये श्वान जन्मनियंत्रण नियम जारी केले. त्यांत प्रत्येक स्थानिक संस्थेत देखरेख समिती नेमण्याची तरतूद होती. पालिकेचे प्रमुख समितीचे अध्यक्ष. सार्वजनिक आरोग्य विभागाचे प्रतिनिधी, पशुवैद्यक आणि प्राणिकल्याण संस्थांचे किमान दोन प्रतिनिधी हे सदस्य. कुत्र्यांची गणना त्रयस्थ यंत्रणेकडून करून घेणे, चावा कोठे व कशामुळे घेतला गेला, कुत्रा भटका होता की पाळीव, याची नोंद ठेवणे ही कामे समितीवर सोपविण्यात आली. तक्रारी स्वीकारण्यासाठी स्वतंत्र कक्ष, पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याला क्रमांकाचा पट्टा आणि शस्त्रक्रियेनंतर कानावर खूण, हेही बंधनकारक झाले.

मार्च २०२३ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यानुसार केंद्र, राज्य आणि स्थानिक अशा तीन पातळ्यांवर समित्या आहेत. स्थानिक समितीने महिन्यातून किमान एकदा बैठक घेऊन प्रगतीचा आढावा घ्यावयाचा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मान्यतेशिवाय कोणत्याही संस्थेला हे काम करता येत नाही.

पैसा आणि मोजणी

शस्त्रक्रियांचे काम पालिका बहुतांशी स्वयंसेवी संस्थांमार्फत करून घेतात आणि शस्त्रक्रियांच्या संख्येनुसार पैसे देतात. संख्या फुगविण्याचा मोह होऊ शकतो तो येथेच. म्हणून शस्त्रक्रियेत काढलेल्या अवयवांची मोजणी करून ती नोंदवहीशी ताडून पाहण्याची पद्धत आहे. ही मोजणी टळली, तर देयकावरील आकड्याला आधार उरत नाही.

केवळ एकूण संख्याही पुरेशी नाही. रेबीजचा प्रसार रोखण्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. निर्बीजीकरणातही हेच प्रमाण उद्दिष्ट म्हणून धरले जाते. शहरभर विखुरलेल्या हजार शस्त्रक्रियांनी जे साधत नाही, ते एकेक प्रभाग पूर्ण केल्याने साधते. अन्यथा उरलेल्या माद्यांच्या पिलांनी जागा पुन्हा भरते. मुंबईत २०१४ च्या गणनेत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री आढळली होती. दहा वर्षांनंतरच्या पाहणीत ती सुमारे ९० हजार होती. संख्या वाढली नाही, मात्र फारशी घटलीही नाही.

न्यायालयांची भूमिका

कामात ढिलाई आली की मारण्याची मागणी पुन्हा पुढे येते. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याची मुभा पालिकांना दिली. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला आणि रेबीजबाधित वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानकांच्या आवारातील कुत्री मात्र तेथे परत न सोडण्याचा आदेश झाला.

नागरिकांच्या हाती काय?

माहितीचा अधिकार कायदा, २००५ अन्वये देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, प्रभागनिहाय शस्त्रक्रिया व लसीकरणाचे आकडे, अवयव मोजणीच्या नोंदी आणि संस्थांना दिलेली देयके नागरिकांना मागता येतात. कुत्री जेथून उचलली तेथेच सोडली काय, हे नोंदवहीतील पत्त्यावरून पडताळता येते. शस्त्रक्रिया झाल्याची खूण तर कानावरच असते. चाव्याची घटना घडल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालयात जावे आणि पालिकेकडे लेखी तक्रारही नोंदवावी. कोणत्या भागात पथक आधी पाठवावे, हे ठरविण्यासाठी विभागाला याच नोंदींचा आधार असतो.